स्वतःच्या नावाची अंगठी

अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या महिला कॉलेजची अंगठी सराफाच्या काट्यावर ठेवली तर ती विशेष भरत नाही. सोनं बहुधा दहा कॅरटचं, आपल्याकडच्या हिशेबाने हलकंच. वर चपटा माथा, त्यावर कॉलेजची मुद्रा किंवा काळा ऑनिक्स खडा. दोन्ही बाजूंना पदवीच्या वर्षाचे आकडे. आतल्या अंगाला, बोटाला लागून, मालकिणीच्या नावाची आद्याक्षरं बारीक कोरलेली. वर्षानुवर्षं वापरून बाहेरचं कोरीवकाम झिजतं, कडा गुळगुळीत होतात. आतली अक्षरं त्या मानाने बरीच टिकतात. हरवलेली अंगठी पन्नास-साठ वर्षांनी कुणाला सापडते, तेव्हा त्या अक्षरांवरून आणि वर्षावरून कॉलेजच्या जुन्या याद्या चाळून मालकिणीचा किंवा तिच्या नातीचा पत्ता लावतात.

आपल्याकडच्या बाईच्या अंगावरचं सोनं असं बोलत नाही. वऱ्हाडात डोरलं आणि गरसोळी नवऱ्याची, जोडवी लग्नाची, पाटल्या माहेरच्या नाहीतर सासूकडून आलेल्या. कोणता दागिना कुणाच्या जिवावर घालायचा आणि कोण गेलं की कोणता उतरवायचा, हे तिला कुणी विचारत नाही. ते आधीच ठरलेलं असतं. कॉलेजच्या अंगठीवर मात्र तिचं नाव, तिचं वर्ष आणि तिने जिथे अभ्यास केला त्या जागेची खूण, एवढंच. कुणाच्या मरणाने ती उतरत नाही. या अंगठ्यांचा इतिहास मराठी वाचकापुढे मांडावासा वाटतो तो एवढ्यासाठीच. आणि तो मांडता मांडता आपण थेट यवतमाळपर्यंत येऊन पोचतो.

वर्गाची म्हणून अंगठी करून घेण्याची अमेरिकेतली प्रथा पुरुषांची, तीही लष्करी. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८३५ साली ती पहिल्यांदा निघाली असं मानतात. दोनच वर्षांनी, १८३७ साली, मेरी लायन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट होल्योकची शाळा काढली. पुढे १८६१ मध्ये व्हॅसर, १८७५ मध्ये वेलस्ली आणि स्मिथ अशी मुलींची कॉलेजं उभी राहिली. मुलांच्या कॉलेजांतले रिवाज मुलींनी उचलले आणि त्यांत स्वतःचे मिसळले. काही कॉलेजांत वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गातल्या मुलींना समारंभाने अंगठी देतात. अनेक ठिकाणी पदवी मिळेपर्यंत मुद्रा आपल्याकडे वळवून अंगठी घालायची आणि पदवीच्या दिवशी ती जगाकडे फिरवायची, असा नेम आहे. जॉर्जियातल्या अ‍ॅग्नेस स्कॉट कॉलेजच्या बायका एकमेकींना काळ्या ऑनिक्सच्या अंगठीवरून ओळखतात. स्मिथमध्ये पदवीदानानंतर मुली मोठं रिंगण करून उभ्या राहतात, प्रत्येकीच्या हाती दुसरीचंच पदवीपत्र असतं, ते फिरत फिरत जिचं तिला मिळालं की ती रिंगणाबाहेर पडते. विसाव्या शतकात अशा अंगठ्या ठोकून देणारे मोठे कारखाने निघाले: मिनेसोटातले जॉस्टन्स हे मूळचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅटलबरो गावचं बॅलफोर १९१३ सालचं.

ही नुसती हौस होती असं समजू नये. या कॉलेजांच्या पहिल्या पिढीला आपण शिकलो याचा पुरावा दाखवावा लागत होता. बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ साली पुस्तक लिहून बजावलं होतं, की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर त्यांचं शरीर बिघडेल, त्यांच्या जननशक्तीवर परिणाम होईल. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ते बाजारात आलं त्यानंतर दोनच वर्षांनी वेलस्ली आणि स्मिथचे दरवाजे उघडले. तिथून बाहेर पडलेली मुलगी बोटात वर्षाचा आकडा घालून धडधाकट फिरत होती, हे त्या डॉक्टरांना मिळालेलं उत्तर होतं.

आपली पहिली मुलगी याच सुमारास तिकडे पोचली. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० पासून स्त्रियांना डॉक्टर करत होतं. तिथला १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचा एक फोटो प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केइ ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. एकाच कॉलेजात शिकणाऱ्या तीन मुली, तीन देशांच्या, आणि तिघींच्या अंगावर आपापल्या घरचं लेणं. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. मिळाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. आनंदीबाईंना त्या पदवीचा उपयोग करायला वर्षसुद्धा मिळालं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. त्यांचे पती गोपाळराव यांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना घरच्यासारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्या न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी इथे कार्पेंटरांच्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या गेल्या. व्हॅसर कॉलेज आहे ते हेच पकिप्सी. नवऱ्याच्या आधी गेलेली सवाष्ण, पण दगडावर तिची ओळख कोरली गेली ती शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण बाई म्हणून.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते १८८९ च्या ११ मार्चला. सदनात शिकलेल्या पहिल्या विधवा मुलीशी, गोदूबाईंशी, धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तो १८९३ च्या ११ मार्चला. आनंदीबाईंच्या पदवीपासून दहा वर्षांच्या आत एकच तारीख तीनदा आली आणि तिन्ही वेळा बाईच्या आयुष्याला वेगळं वळण मिळालं.

गोदूबाईंच्या बहिणीकडे अभ्यासक कमी वळतात, याची मला खंत आहे. पार्वतीबाई आठवले. कोकणातल्या गरीब घरातल्या, लहान मूल पदरात असताना विधवा झालेल्या, केस काढलेल्या, अलवणातल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. त्याच्यासाठी वर्गणी मागत पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या. १९१२ मध्ये त्यांनी केस वाढवायला सुरुवात केली. त्या काळी सोवळ्या बाईने हे करणं म्हणजे अख्ख्या समाजाला तोंड देणं होतं. आणि १९१८ मध्ये, चाळिशी उलटून गेलेली ही बाई इंग्रजी पक्की करायला आणि आश्रमासाठी पैसे जमवायला अमेरिकेला गेली. तिथे पोटासाठी लोकांच्या घरी कामं केली, भांडी घासली, आणि १९२० मध्ये परत आली. त्यांनी लिहिलेली ‘माझी कहाणी’ १९२८ साली छापली गेली. त्यांच्याकडे कोणत्या कॉलेजची पदवी नव्हती, कोणतं वर्ष बोटात घालायला मिळालं नव्हतं. अंगावरून सगळं उतरवलेल्या बाईने दुसऱ्या बायकांच्या शिक्षणासाठी समुद्र ओलांडावा, याच्यापुढे मला बाकीचे सगळे समारंभ थिटे वाटतात.

कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली आणि तिच्यातून आपल्याकडे महिला विद्यापीठाची कल्पना निघाली, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्यामागचा दुवा मात्र सहसा सांगत नाहीत. ते जपानी विद्यापीठ १९०१ साली काढणारे नारुसे जिन्झो अमेरिकेत राहून, तिथल्या स्त्रियांच्या शिक्षणाचा अभ्यास करून परत गेले होते. मॅसॅच्युसेट्सच्या बोर्डिंगांतून उठलेली कल्पना टोकियोला गेली आणि तिथून हिंगण्याच्या माळावर उतरली. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. शिकवणं मराठीतून. पदवीलाही मराठी मुलीला शोभेल असं नाव, गृहीतागमा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावाने पंधरा लाखांची देणगी दिली आणि आजचं एस. एन. डी. टी. उभं राहिलं. अंगठीचा रिवाज मात्र या वाटेने आला नाही. मराठी मुलीच्या बोटात अंगठी घालण्याचा हक्क तेव्हा फक्त साखरपुड्याला होता. हिंगण्याच्या मुलींना मिळालं ते पदवीपत्र आणि नावापुढे लावायची अक्षरं.

वऱ्हाडातल्या मुलींना हेही लांबच होतं. यवतमाळ जिल्ह्याचं जुनं नाव वणी जिल्हा. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. पिकलं तर कापूस, आणि कापसाचा पैसा घरात आला की सोनं. पुढच्या मृगाला बियाणं घ्यायचं की तेच सोनं सावकाराकडे. मुलीला कॉलेजात घालायची ऐपत आणि मन दोन्ही असलेल्या घराला नागपूर गाठावं लागे. तिथे १९३२ मध्ये मुलींसाठी लेडी अमृताबाई डागा कॉलेज निघालं.

वेलस्लीच्या इतिहासातला एक धागा यवतमाळला येतो तो वेगळ्याच वाटेने. रणजित सीताराम पंडित मूळचे कोकणातल्या बांबुळीचे. घराणं संस्कृत पंडितांचं. वेदार्थयत्नकार शंकर पांडुरंग पंडित याच घरातले. वडील राजकोटला बॅरिस्टर. रणजितनी १९२१ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या बहिणीशी, विजयालक्ष्मींशी लग्न केलं, चालती वकिली सोडली आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू केल्या. कल्हणाची ‘राजतरंगिणी’ त्यांनी तुरुंगात बसून इंग्रजीत आणली. ती १९३५ मध्ये छापली गेली. त्यांना तिन्ही मुलीच. १९४२ च्या ऑगस्टनंतर आईवडील दोघं आत गेले, तेव्हा थोरल्या दोघींचं शिक्षण कसं व्हायचं हा प्रश्न उभा राहिला. सरकारी अटी पाळून इथल्या कॉलेजांत शिकायचं नाही, असं घराचं मत. १९४२ च्या फेब्रुवारीत चीनचे नेते चांग कै-शेक पत्नीसह भारतात येऊन गेले होते आणि नेहरू घराण्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. चांगबाई म्हणजे सुंग मेइ-लिंग या वेलस्लीच्या १९१७ च्या पदवीधर. महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ मध्ये, चंद्रलेखा आणि नयनतारा या दोन बहिणी सैनिकी जहाजातून अमेरिकेला निघाल्या आणि मेइ-लिंग यांच्याच वेलस्लीत दाखल झाल्या. नयनतारा तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या.

वेलस्लीच्या मुद्रेवर लॅटिन भाषेतलं बोधवाक्य आहे. सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला, असा त्याचा अर्थ. तिथे दर वर्गाला आपला रंग असतो, वर्गाचं झाड लावतात. दर वसंतात शेवटच्या वर्षाच्या मुली लाकडी कड्या काठीने पळवत शर्यत लावतात. जी पहिली येईल तिचं लग्न आधी होणार, असं पूर्वी म्हणत. पुढच्या काळात ते बदललं आणि पहिली येणारी एखाद्या मोठ्या कंपनीची प्रमुख होणार असं म्हणू लागले. एका शर्यतीच्या भविष्यात एवढा फरक पडायला जवळजवळ शतक जावं लागलं.

मुली तिकडे असतानाच, १४ जानेवारी १९४४ ला, रणजित पंडित गेले. तुरुंगातल्या आजारपणाने खंगले होते. सुटून आले आणि टिकले नाहीत. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पुढे जे झालं ते विजयालक्ष्मींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. दिरांनी मिळकतीवर हक्क सांगितला आणि पोटी मुलगा नसलेल्या विधवेच्या हाती काही लागत नाही, हे त्यांना कळून चुकलं. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या घरातली, मंत्रिपद भूषवलेली बाई. तीसुद्धा नवऱ्याच्या घरात पाहुणी ठरली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला हयातीपुरता मर्यादित हक्क दिला होता, पण त्यातून शेतजमिनीसारख्या गोष्टी निसटत होत्या. बाईच्या हातची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मान्य केलं. तोवर विजयालक्ष्मी मॉस्को आणि वॉशिंग्टनला राजदूत होऊन आल्या होत्या, १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. बाप गेल्यावर, घर कज्ज्यात अडकल्यावर त्यांच्या मुलींकडे जे उरलं, आणि ज्यावर कुणी दीर हक्क सांगू शकला नाही, ते होतं त्यांचं शिक्षण. नयनतारा १९४७ मध्ये पदवीधर झाल्या, त्या वर्षी देश स्वतंत्र झाला. पुढे त्या सहगल झाल्या, इंग्रजीतल्या मोठ्या लेखिका झाल्या, १९८६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला; २०१५ मध्ये देशातल्या असहिष्णुतेचा निषेध म्हणून त्यांनी तो परत केला.

या बाई २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला यायच्या होत्या. ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून त्यांना बोलावणं गेलं होतं. यवतमाळात याआधीचं संमेलन १९७३ मध्ये झालेलं, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली. या वेळी अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे. म्हणजे अध्यक्ष बाई, उद्घाटक बाई आणि जिल्हा कापसाचा. इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाला कशाला, असा आवाज उठला. गोंधळाची धास्ती पुढे करून अवघ्या काही दिवसांवर संमेलन आलेलं असताना निमंत्रण मागे घेतलं गेलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी संमेलनाच्या तोंडावर राजीनामा दिला. सहगलांचं न झालेलं भाषण वर्तमानपत्रांतून छापून आलं. त्यात त्यांनी आपल्या मराठी वडिलांची, त्यांच्या संस्कृतची, तुरुंगात केलेल्या राजतरंगिणीची आठवण काढली होती. बांबुळीच्या पंडितांच्या लेकीला महाराष्ट्राने दारातून परत पाठवलं, हे मला आजही लागतं. अतिथी म्हणून बोलावून मग नको म्हणणं ही आपल्या घरची रीत नाही.

११ जानेवारी २०१९ ला उद्घाटन केलं ते जिल्ह्यातल्याच राजूर गावच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या शेतकरी नवऱ्याने २०११ मध्ये आत्महत्या केली होती. यवतमाळ जिल्ह्याला ही कहाणी नवी नाही. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीव दिला. शेतकऱ्याची पहिली जाहीर नोंदलेली आत्महत्या म्हणून त्या तारखेला दरवर्षी महाराष्ट्रात लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्यात किती घरांतली डोरली उतरली. सरकारी मदत एक लाखाची. ती मिळायची तर मेलेला माणूस नियमाने शेतकरी असावा लागतो: जमीन हवी, कर्ज हवं, वसुलीचा तगादा हवा. तरण्या विधवेला नवरा गेल्याचं दुःख करायला सवड नसते; तिला तलाठ्याकडे, तहसिलात खेटे घालून तो शेतकरी होता हे सिद्ध करावं लागतं. विजयालक्ष्मींना १९४४ साली जे सोसावं लागलं, तेच राजूर-चिलगव्हाणकडे रोजचं झालं आहे.

वैशाली येडे व्यासपीठावर काही पहिल्यांदा उभ्या नव्हत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. शेतकऱ्यांच्या विधवांनीच आपली गोष्ट रंगमंचावर मांडायची, असं ते नाटक. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की अडल्या वेळी दिल्लीची बाई नाही, गल्लीतलीच बाई कामाला येते. नवऱ्याने पुढच्या जन्माच्या भरवशावर हा जन्म संपवला, आपण मात्र याच जन्मात लढणार, असंही त्या बोलल्या. मंडपात काही बायका सहगलांचे मुखवटे लावून बसल्या होत्या. दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करायचा प्रयत्न त्या दिवसांत बराच झाला, आणि तो मला चुकीचा वाटला. एकीला बापाच्या घराने मॅसॅच्युसेट्सला पोचवलं, दुसरीला अठराव्या वर्षी लग्न करून राजूरला यावं लागलं. पण दोघींच्या घरात कर्ता पुरुष गेल्यावर कायद्याने आणि समाजाने सारखेच प्रश्न विचारले.

त्याच महिन्याच्या शेवटी मुंबईच्या शिवाजी मंदिरात लेखक-कलावंतांनी सहगलांना सन्मानाने बोलावलं आणि त्या वयाच्या ९१ व्या वर्षी येऊन बोलल्या. इकडे वैशाली येडे तीन महिन्यांत यवतमाळ-वाशिम मतदारसंघातून प्रहार जनशक्ती पक्षातर्फे लोकसभेला उभ्या राहिल्या. ११ एप्रिल २०१९ ला मतदान झालं. निवडून आल्या त्या भावना गवळी, पाचव्यांदा. येडे हरल्या, पण मतदान यंत्रावर त्यांचं नाव होतं आणि त्या नावापुढचं बटण जिल्ह्यातल्या हजारो लोकांनी दाबलं होतं.